जुन्या धाटणीची बेस गिटार हाताने घडवताना: लाकडापासून झिजलेल्या रंगापर्यंत

इलेक्ट्रिक बेस गिटारचा आज सर्वत्र दिसणारा आकार १९५१ साली लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसपासून रूढ झाला. त्याआधी खर्जाची साथ माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसवर होत असे. तो वाहून नेणे अवघड होते आणि मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज ऐकूही येत नसे. १९५७ मध्ये या वाद्याला दोन भागांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग, मिळाला आणि १९६० मध्ये निमुळत्या नेकचा, म्हणजे मानेचा, जॅझ बेस आला. त्या काळातील जी वाद्ये वर्षानुवर्षे वाजत राहिली, त्यांचा पिवळसर पडलेला, बारीक तडे गेलेला आणि हाताखाली उडालेला रंग अनेक वादकांना नव्या चकचकीत रंगापेक्षा जवळचा वाटतो. ही आवड इतकी वाढली, की १९९५ पासून फेंडरच्या कस्टम शॉपनेच नवीन गिटारी मुद्दाम जुन्या करून विकायला सुरुवात केली.

कोल्हापूर आणि परिसरातील ज्या वाचकाला असे वाद्य स्वतःच्या हाताने करायचे आहे, ज्याने रंधा आणि पटाशी थोडीफार हाताळली आहे, पण वाद्य कधी घडवलेले नाही, त्याच्यासाठी हा लेख आहे. कामाचा क्रम मी पुढे सांगितला आहेच, परंतु सुरुवातीपासून एक गोष्ट मनात पक्की असावी. रंग जुना करणे म्हणजे कुठेही ओरखडे काढणे नव्हे. प्रत्येक खुणेला कारण हवे, आणि ते कारण वाजवणाऱ्याच्या शरीरात सापडले पाहिजे: त्याचा हात कुठे टेकतो, पोट कुठे घासते, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल कुठे लागते. कारण नसलेली खूण जाणकाराच्या नजरेला लगेच खटकते.

आधी वाजवणारा ठरवावा

लाकडाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर या वाद्याचा मानलेला इतिहास लिहून काढावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. समजा, हे वाद्य गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात उभ्याने वाजवणाऱ्या उजव्या हाताच्या वादकाचे आहे. तर त्याचा उजवा हात बॉडीच्या वरच्या कडेवर टेकणार आणि तेथील रंग कोपरापुढच्या भागाखाली लांबट आकारात झिजणार. पाठीमागे बक्कलाच्या उभ्या-आडव्या रेघा एकाच ठिकाणी दाट होणार. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जेथे अडकवतात त्या भागावर, तळहात टेकत असल्याने तेथील स्क्रू घामाने गंजणार. गर्दीच्या स्टेजवर नेकचे डोके माइकच्या स्टँडला आणि भिंतींना लागत असल्याने डोक्याच्या टोकाला टवके उडणार. हाच वादक घरी बसून रियाज करणारा असता, तर पाठ जवळपास कोरी राहिली असती आणि मांडीवर टेकणारी खालची कड झिजली असती.

काळाचाही विचार करावा. जुन्या प्रिसिजन बेसवर बोटे टेकवण्याची लहान पट्टी तारांच्या खालच्या बाजूला, म्हणजे सर्वांत बारीक तारेकडे बसवलेली असे, कारण तेव्हा अंगठ्याने तार छेडून उरलेली बोटे त्या पट्टीला धरण्याची पद्धत गृहीत धरली होती. बोटांनी वाजवण्याची पद्धत सार्वत्रिक झाल्यावर १९७४ मध्ये ती पट्टी जाड तारेच्या बाजूला, अंगठा टेकण्यासाठी हलवली गेली. त्यामुळे साठच्या दशकातील धाटणीचे वाद्य करताना पट्टी खाली असावी. मानलेला वादक मात्र बोटांनी वाजवणारा असेल, तर अंगठा पिकअपच्या कडेवर टेकून तेथे गुळगुळीत झीज दिसावी. पिकअप आणि ब्रिज यांवर त्या काळी मोठी क्रोम झाकणे येत. बहुतेक वादक ती काढून टाकत आणि मागे स्क्रूची छिद्रे तेवढी उरत. आपल्या वाद्यावर ती रिकामी छिद्रे ठेवली, तर जुनेपणाचा तो सर्वांत खरा पुरावा ठरतो आणि त्यासाठी काहीही खरवडावे लागत नाही.

लाकूड

मूळ वाद्यांच्या बॉडी आधी अॅशच्या आणि १९५६ च्या सुमारापासून मुख्यतः आल्डरच्या असत. नेक मेपलचे असे आणि १९५९ पासून त्यावर शिसवाच्या जातीच्या लाकडाची पट्टी बसू लागली. आल्डर आपल्याकडे उगवत नाही आणि आयात केलेला तुकडा महाग पडतो. त्यामुळे बॉडीसाठी शिवण किंवा तून वापरावे असे मी सुचवेन. शिवणीचे वजन आल्डरच्या जवळपास येते आणि ती हवामानाने फारशी वाकत नाही. तून तर सतार आणि तंबोऱ्याच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात आहे. साग सहज मिळतो, टिकाऊही आहे, पण तो जड असतो आणि त्याच्यातील नैसर्गिक तेलामुळे गोंद आणि रंग धरण्यास त्रास देतो. सागच वापरायचा असल्यास जोडण्याआधी आणि रंगाआधी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा.

टिंबर मार्केटमधून लाकूड घेताना दर आणि जात विचारून थांबू नये. फळी उचलून पाहावी, टोकाकडून नजर लावून पीळ आणि बाक तपासावा, गाठी आणि चिरा पाहाव्यात, आणि लाकूड किती काळ सुकलेले आहे ते विचारावे. लाकडातील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आलेला असावा. ओलावा मोजण्याचे छोटे मीटर फार महाग नसते आणि या कामात ते घ्यावेच. जुन्या वाड्याच्या पाडकामातून निघालेले तुकडे फार चांगले सुकलेले असतात, मात्र त्यांतील खिळे चुंबक फिरवून शोधल्याशिवाय रंधा लावू नये.

मिरज कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांचे काम सुरू केले आणि ते आजही चालू आहे. नवशिक्याने एकदा तरी तेथील एखाद्या कार्यशाळेत परवानगी घेऊन बसावे. बेस गिटार तेथे होत नसली, तरी तुकडा वाजवून पाहण्याची, रेषा वाचण्याची आणि लाखेचे पातळ हात एकावर एक चढवण्याची सवय कशी असते ते तेथे डोळ्यांनी दिसते.

नेकबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वाद्यासाठी तो तयार विकत घ्यावा. नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक आवरणारी आतली सळई, बसवणे, फ्रेटच्या, म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा पाडणे आणि फ्रेट एका पातळीत आणणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यातील अर्ध्या मिलिमीटरची चूक संपूर्ण वाद्य निरुपयोगी करते. ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा), २० फ्रेटचा आणि चार स्क्रूंनी बसणारा रंग न दिलेला मेपलचा नेक घ्यावा. पुढे स्वतः नेक करायची इच्छा झाल्यास फ्रेटच्या जागांचा हिशेब सोपा आहे. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत जायचे. पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे नेकच्या डोक्यापाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, सुमारे ४८.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ४३१.८ मिलिमीटरवर.

बॉडी

बॉडीची जाडी ४४ ते ४५ मिलिमीटर ठेवावी. दोन किंवा तीन फळ्या कडेने जोडून पुरेसा रुंद ठोकळा तयार करावा. जोडाच्या कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्यात, की दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. सुतारकामाचा पांढरा गोंद लावून क्लॅम्प आवळल्यावर पूर्ण एक दिवस हात लावू नये. आकार सहा मिलिमीटर प्लायवर कापून साचा करावा आणि साच्यावर मधोमध एक रेघ काढावी. पुढची सर्व मोजमापे याच मध्यरेषेवरून घ्यायची आहेत, त्यामुळे ती बॉडीवरही दोन्ही बाजूंनी उमटवून ठेवावी आणि रंग देईपर्यंत पुसू देऊ नये.

आकार बँडसॉवर कापून घेणे सोयीचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि फर्निचरच्या कारखान्यांत असे काम मजुरीवर करून मिळते. नेक बसण्याचा खाचा राउटरने, साधारण १६ मिलिमीटर खोल करावा आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर पटाशीने काढावा, म्हणजे नेक आत घट्ट बसेल. नेक स्क्रूशिवाय बसवून बॉडी उचलली आणि नेक निसटला नाही, तर खाचा बरोबर झाला असे समजावे. ब्रिजची जागा नेक बसवल्यानंतरच ठरवावी. नटपासून बारीक तारेच्या सॅडलपर्यंतचे (ब्रिजवरील तार टेकण्याच्या सरकत्या भागापर्यंतचे) अंतर ८६३.६ मिलिमीटर भरले पाहिजे आणि जाड तारांचे सॅडल काही मिलिमीटर मागे सरकवायला जागा उरली पाहिजे. लांब दोरा नेकच्या दोन्ही कडांवरून ब्रिजपर्यंत ताणून तारा नेकवर मध्यात येतात का ते पाहावे.

कडा गोल करणे, हात टेकायचा उतार आणि पोटाची खोलगट जागा कानस आणि रंध्याने काढणे हे काम आनंदाचे आहे आणि त्यात घाई करू नये. यानंतर १२० पासून २४० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेनेच घासावे. आडवे घासलेले ओरखडे रंगाखाली दडत नाहीत.

रंग: सारे काही पातळ थरांवर अवलंबून

जुन्या वाद्यांचा रंग जसा झिजतो तसा आजचा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर रंग झिजत नाही, कारण ते दोन्ही जाड, चिवट आणि प्लास्टिकसारखे असतात. ते टवक्याने उडतात, हळूहळू विरत नाहीत. फेंडरने १९६८ च्या सुमारास जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, त्यानंतरची वाद्ये म्हणूनच वेगळ्या रीतीने जुनी झालेली दिसतात. आपल्याला हवा तो नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला आपल्याकडचे पॉलिशवाले एनसी लॅकर म्हणतात. फेंडरचे खास रंग हे मोटारींचेच रंग होते, ड्यूपाँट कंपनीचे ड्यूको आणि ल्यूसाइट. कपाटे रंगवणाऱ्या आपल्या कारागिरांच्या तोंडी आजही ड्यूको हे नाव आहे, मात्र त्या नावाखाली आता पीयू रंगही मारला जातो. म्हणून दुकानात एनसी असे स्पष्ट सांगून डबा वाचून घ्यावा.

कोल्हापुरात हे काम कोणत्या महिन्यात करायचे याला फार महत्त्व आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतकी आर्द्रता असते, की थिनर उडताना थंड झालेल्या पृष्ठभागावर ओलावा धरतो आणि लॅकर दुधासारखा पांढरा पडतो. हळू उडणारा थिनर मिसळून हा दोष थोडा कमी होतो, पण माझा सल्ला असा, की पावसाळ्यात लाकूडकाम करावे आणि रंग दिवाळीनंतर द्यावा. एप्रिल-मे मध्ये उलट अडचण येते. लॅकर बॉडीवर पोहोचण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्या दिवसांत सकाळी लवकर फवारणी करावी.

लॅकर आणि थिनर अत्यंत ज्वालाग्राही आहेत. फवारणीच्या जागी देवघरातील दिवा, उदबत्ती, गॅस किंवा ठिणगी उडणारी मोटर असू नये, हवा खेळती असावी आणि तोंडाला साधा कापडी रुमाल नव्हे, तर सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लावावा. याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

थरांचा क्रम असा ठेवावा. तून आणि साग यांची छिद्रे मोठी असल्याने आधी फिलर भरून घासून घ्यावा. मग सँडिंग सीलरचे दोन-तीन हात द्यावेत आणि ३२० च्या पेपरने सपाट करावे. त्यावर रंगाचे फक्त झाकण्यापुरते हात द्यावेत. शेवटी पारदर्शक लॅकरचे सहा पातळ हात द्यावेत, दिवसाला तीनपेक्षा अधिक नाहीत आणि दोन हातांत किमान एक तास. पहिल्या वाद्यासाठी सनबर्स्टच्या मोहात पडू नये, पांढरा रंग निवडावा. सनबर्स्टमध्ये पिवळा, तांबडा आणि कडेचा गडद तपकिरी हे तीन रंग एकमेकांत विरघळत गेले पाहिजेत आणि त्यासाठी स्प्रे गनवर हात बसलेला असावा लागतो. पांढऱ्यावर झीजही स्पष्ट आणि देखणी दिसते.

लॅकर वर्षांमागून वर्षे पिवळा पडत जातो. त्यामुळे पांढरा रंग मलईसारखा होतो आणि फिकट निळा हिरवट दिसू लागतो. हा परिणाम आणण्यासाठी पारदर्शक लॅकरच्या शेवटच्या दोन हातांत लॅकरमध्ये विरघळणारा पिवळसर-तपकिरी रंग अगदी थेंबाने मिसळावा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर रंग पाहावा. हे दोन हात देण्यापूर्वी पिकगार्ड, म्हणजे बॉडीचा रंग जपणारा वरचा पत्रा, ज्या जागी बसणार तो भाग त्याच आकाराच्या कागदाने झाकून घ्यावा. जुन्या वाद्याचे पिकगार्ड उघडल्यावर आत मूळ, न बदललेला रंग दिसतो. कोणी पाहणार नसले, तरी आपल्या वाद्यातही तो दिसावा असे मला मनापासून वाटते.

यानंतर बॉडी हवेशीर जागी टांगून किमान चार आठवडे ठेवावी. नाकाला थिनरचा वास येत असेल तोवर लॅकर सुकलेला नाही. सुकल्यावर ८०० ते १५०० नंबरच्या पेपरने हलके सपाट करून रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी. जुने करायचे असले, तरी आधी वाद्य पूर्णपणे नवे आणि चांगले दिसले पाहिजे. सदोष रंगावर केलेली झीज ही सदोष रंगासारखीच दिसते.

जुनेपणा आणण्याचा क्रम

येथे क्रम पाळणे आवश्यक आहे: आधी तडे, मग काही खड्डे, मग झीज, मग उरलेले खड्डे, आणि शेवटी मळ. खऱ्या वाद्यावर खड्डे सर्व काळात पडत राहतात. आरंभीच्या खड्ड्यांच्या कडा पुढील वर्षांच्या वापराने गुळगुळीत होतात आणि अलीकडच्यांच्या कडा धारदार राहतात. सर्व खड्डे एकाच वेळी मारले, तर ते सर्व एकाच वयाचे दिसतात.

तडे जातात ते लाकूड आणि लॅकर तापमानाप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात म्हणून. आकसण्याच्या या फरकाला कडक लॅकर साथ देऊ शकत नाही आणि तडकतो. बॉडीवरील सर्व धातूचे भाग काढून ती एखाद्या आडव्या डीप फ्रीझरमध्ये तासभर ठेवावी. आइस्क्रीमच्या किंवा दुधाच्या परिचित दुकानदाराकडे असा फ्रीझर सहसा असतो, मात्र तेथे खाद्यपदार्थ असल्याने लॅकर पूर्ण सुकलेला असावा आणि बॉडी स्वच्छ कापडात गुंडाळलेली असावी. बाहेर काढताच कापड काढून हेअर ड्रायरने एका भागाला ऊब द्यावी. थोड्याच वेळात बारीक टक् असा आवाज येतो आणि केसासारखी रेघ धावताना दिसते. ती कोठून कोठे जाईल हे आपल्या हाती नसते आणि त्यातच तिचे सौंदर्य आहे. फर्निचरसाठीच्या लॅकरमध्ये तो लवचिक राहावा म्हणून पदार्थ मिसळलेले असतात. तो सहजासहजी तडकला नाही, तर प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा, पण ड्रायर एका जागी धरून लॅकर फुगवू नये. तडे कमी आले, तरी चालतात, कारण अनेक अस्सल वाद्यांवर ते फारसे नसतातच.

खड्ड्यांसाठी किल्ल्यांचा जुडगा, स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा आणि एखादा टोकदार दगड पुरेसा आहे. हातोडीने एकसारखे गोल खड्डे पाडू नयेत. बक्कलाच्या खुणांसाठी खरेखुरे बक्कल घ्यावे, वाद्य खांद्याच्या पट्ट्याने अंगावर घेऊन बक्कल कोठे येते ते पाहावे आणि त्याच जागी वर-खाली घासावे.

झीज हा या कामाचा गाभा आहे. हात टेकण्याच्या जागी ४०० नंबरचा कोरडा पेपर बोटांभोवती गुंडाळून, हात प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने घासावे. लाकडी ठोकळा वापरू नये, कारण हात सपाट नसतो. घासताना पारदर्शक थर, रंग, सीलर आणि मग लाकूड असे पट्टे क्रमाने उघडे पडतात. जुन्या वाड्याच्या उंबरठ्याप्रमाणे झीज मध्यभागी खोल आणि कडांकडे विरत गेलेली असावी. लाकूड आणि रंग यांच्यामध्ये धारदार सीमा दिसली, की ते काम पेपरचे आहे हे लगेच कळते. उघड्या लाकडाजवळ पाणी वापरू नये, विशेषतः स्क्रूच्या छिद्रांपाशी, कारण लाकूड तेथे फुगते आणि भोवतीचा लॅकर उचलला जातो. दर थोड्या वेळाने थांबून वाद्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करून पाहावे. घासलेले परत आणता येत नाही, त्यामुळे हवे त्यापेक्षा थोडे आधी थांबणे केव्हाही चांगले. मानलेल्या इतिहासात पुरेसे कारण नाही, अशी एकही जागा घासू नये.

नेकच्या मागच्या बाजूलाही पारदर्शक लॅकरचे हात दिलेले असावेत. तो लॅकर पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत अधिक झिजवावा, कारण अंगठा तेथेच फिरतो. उघड्या मेपलला करडा-तपकिरी रंग घामाच्या मळाने येतो. त्यासाठी मेणात अगदी थोडे काजळ किंवा तपकिरी रंगाची पूड मिसळून कापडाने चोळावी आणि लगेच पुसावी. हेच मेण बॉडीवरील तड्यांत आणि खड्ड्यांत भरले, की रेघा उठून दिसतात. उघड्या लाकडाला पातळ तेलाचा एक हात देऊन बंद करावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते ओलावा ओढून घेईल.

धातूचे भाग

निकेलचा मुलामा असलेले भाग घ्यावेत. क्रोम फारसा मंदावत नाही, निकेल मात्र सहज धुरकट होतो. ट्यूनरचे (तारा पिळण्याच्या खुंट्यांचे) पत्रे आणि ब्रिजचा पत्रा घासणीने हलका निस्तेज करून फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात काही क्षण बुडवावा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावा. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळते. हातमोजे आणि चष्मा लावून, घराबाहेर हे काम करावे. स्टीलच्या स्क्रूंच्या डोक्यांना मिठाच्या पाण्यात व्हिनेगर घालून एक-दोन दिवसांत गंज चढतो आणि तेल लावल्यावर तो थांबतो. ट्यूनरचे दाते, सॅडलच्या स्क्रूंचे आटे, जॅक, फ्रेट आणि ट्रस रॉडचा नट यांना मात्र कधीही जुने करू नये. वाद्य वयस्कर दिसावे, पण वाजायला नव्यासारखेच असावे.

पिकअप आणि वायरिंग

पिकअप तयार मिळतो आणि पहिल्या वेळी तोच घ्यावा. स्वतः गुंडाळायचाच असल्यास एक अडचण आधीच सांगतो. अमेरिकी माहितीत ४२ गेजची तार सांगितलेली असते, पण आपल्याकडील मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत गेज ब्रिटिश मापाने सांगतात. त्या मापाने ४२ गेज म्हणजे ०.१०२ मिलिमीटर, म्हणजे हवी त्यापेक्षा बरीच जाड तार. आपल्याला सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची इनॅमल तार हवी, म्हणून ४६ गेज मागावी, जी ०.०६१ मिलिमीटरची असते. प्रिसिजनच्या पिकअपच्या प्रत्येक भागावर सुमारे १०,००० वेढे असतात. दोन्ही भाग उलट दिशांनी आणि उलट चुंबकीय ध्रुवांनी जोडल्यास विजेच्या तारांमधून येणारी घरघर आपोआप नाहीशी होते आणि एकूण रोध १० ते ११ किलो-ओहमच्या आसपास येतो.

दोन २५० किलो-ओहमचे पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे फिरते भाग), ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर आणि एक जॅक, एवढेच सर्किट आहे. ब्रिजखालून एक अर्थची तार न विसरता काढावी, नाहीतर वाद्याच्या तारांना हात लागल्यावर घरघर शांत होणार नाही.

तारा आणि जुळणी

जुन्या धाटणीच्या वाद्यावर चपट्या गुंडाळीच्या तारा शोभतात आणि त्यांचा आवाजही गोल, घुमारेदार येतो. ०.०४५ ते ०.१०५ इंचाच्या साध्या संचातील चारही तारांचा एकूण ताण सुमारे ८० किलो असतो, आणि चपट्या गुंडाळीच्या अनेक संचांचा ताण याहूनही अधिक असतो. त्यामुळे तारा चढवल्यावर नेक एक दिवस तसाच राहू द्यावा आणि मग ट्रस रॉड पाव-पाव फेरा फिरवून नेकला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.३ ते ०.४ मिलिमीटर बाक ठेवावा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.५ आणि बारीक तारेची २ मिलिमीटरपासून सुरू करून हाताला रुचेल तशी कमी करावी. खालच्या ई तारेचा स्वर ४१.२ हर्ट्‌झवर लागतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तेथीलच हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) एकच येईपर्यंत सॅडल मागे-पुढे सरकवावे.

नेक बॉडीला पक्का करण्यापूर्वी खाच्यात स्वतःचे नाव, ठिकाण आणि वर्ष पेन्सिलने लिहावे आणि नेकच्या डोक्यावर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह लावू नये. ते चिन्ह त्या कंपनीच्या मालकीचे आहे आणि पुढे वाद्य हातोहाती फिरले, तर ते जुने म्हणून कोणाच्या तरी गळ्यात मारले जाण्याचा धोका असतो. विकताना रंग मुद्दाम जुना केलेला आहे हे सांगावे आणि पावतीवर लिहून द्यावे.

तयार वाद्य रबरी टोके असलेल्या स्टँडवर ठेवू नये. रबर आणि नायट्रो लॅकर यांची अभिक्रिया होऊन लॅकर चिकट होतो आणि तेथे न पुसणारा डाग पडतो. स्टँडच्या टोकांना सुती कापड गुंडाळावे, पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्याने पुसावेत आणि केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून त्या अधूनमधून बदलाव्यात.